निमगावच्या पुढं झालेलं पंक्चर

लोणी देवकरच्या एमआयडीसीत मी कंत्राटी कामगार होतो. लासुर्ण्याहून आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर कामाला जायचो. तो माझा शाळेपासूनचा मित्र. बारामतीच्या आयटीआयलाही आम्ही बरोबरच होतो. ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायचं किट त्यानंच मला घ्यायला लावलं होतं, आणि ते वापरायला शिकवलंही त्यानंच.

त्या दिवशी आमच्या खात्यात एका मशिनवर कायमचा माणूस घेणार होते. सकाळी पाळी सुरू होताना साहेब सगळ्यांशी बोलणार होते. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला होता, "तुला घेतलं काय न् मला घेतलं काय, सारखंच हाय." मला ते खरं वाटलं होतं.

निमगाव केतकी मागं पडलं आणि मागचं चाक डुलायला लागलं. उतरून पाहिलं तर टायरच्या मधोमध खिळा. गाडी डबल स्टँडवर लावली. त्यानं चाक धरलं, मी पक्कडीनं खिळा उपसला. मग किटमधला दातेरी टोच्या भोकात घालून मागंपुढं करायला लागलो. या कामाला चांगलाच जोर लागतो. मी गुडघे टेकून तेच करत होतो, तेवढ्यात आमच्याच कंपनीत माल नेणारा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती.

"मी फुडं जातो," तो म्हणाला. "दोघांनाबी उशीर झाला तर दोघांचंबी जाईल. तू येतोयस म्हणून सायबाला सांगतो."

"नक्की सांग."

"ते काय सांगायला लागतंय व्हय?"

टेम्पो गेला. मी रबराची चिकट वात सुईत ओवली, सोल्यूशन लावून भोकात दाबली आणि सुई झटक्यात मागं ओढली. वात आत बसली. बाहेरची टोकं कापली, पायपंपानं हवा भरली, थुंकी लावून पाहिलं. बुडबुडा आला नाही. एकट्यानं जमलं म्हणून मला बरंच वाटलं होतं.

खात्यात पोचलो तर सुपरवायझर माझ्याकडं बघतच राहिले. "तू कसा काय आलास?"

"पंक्चर झालं होतं. निरोप दिला होता मी."

"निरोप मिळाला की. तुला पुण्याला काम लागलंय, तू इथं राहणार नाहीस, असं सांगितलं त्यानं. साहेबांनी त्याचं नाव नक्की करून टाकलं."

मी पलीकडं पाहिलं. तो मशिनजवळ हात पुसत होता. त्यानं वर पाहिलं नाही. सुपरवायझरच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल, असं मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्वतःला समजावत राहिलो.

सुट्टीत त्याच्यासमोर जाऊन बसलो. त्यानं डबा उघडला. "पोरीकडची मान्सं पैलं हेच इचारत्यात, परमनंट हाय का," तो म्हणाला. "तुझं लगीन झालंय."

"मग मला सांगायचंस. मी माघार घेतली असती."

"न्हाय घेतली असतीस."

घेतली असती की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. पण ते ठरवायला त्यानं मला जागाच ठेवली नव्हती. आणि आवाज कसा, तर रोज डब्यात काय आणलंय ते विचारतो तसा.

संध्याकाळी गेटबाहेर आलो, तर तो रोजच्यासारखा माझ्या गाडीपाशी उभा. त्याला नको म्हणायचं होतं, पण मी गाडीला किक मारली. तो मागं बसला. त्याच्या दारात उतरता उतरता त्यानं आईला बातमी सांगितली. तिचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्याही. "तुझी सोबत हाय म्हणून झालं बाबा हे," ती म्हणाली. "च्या घेऊन जा."

"नको काकी, घरी काम हाय."

तो शेजारीच उभा होता. टेम्पोत बसून तो गेला, त्यापेक्षा त्याचं ते गप्प उभं राहणं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी लवकर निघून एकटा जाऊ लागलो. पुढं त्याचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन काकीच आली. मी गेलो नाही. बायकोनं कारण विचारलं, तेव्हा पाळी बदलून मिळाली नाही, असं सांगितलं.