मगदूम मॅडमच्या निऱ्या

१२ जुलै. पावसाने प्रयोगशाळेच्या कपाटांना बुरशी धरली, म्हणून आज ती रिकामी करायला काढली. तळाच्या कप्प्यात मगदूम मॅडमचं निळं कापड होतं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, चौकोनी घडीचं. निऱ्या गायब.

"मीच उसवल्या मॅडम," आमच्या विभागात नव्याने आलेली स्नेहल खुशीत म्हणाली. "टाके कसेही घातलेले. आता टेबलावर अंथरायला होईल की."

उद्या बारावीला नेमका या कापडावर शिकवायचा धडा होता, नस स्नायूला निरोप कसा पोचवते तो, आणि तो पहिल्यांदाच मगदूम मॅडमशिवाय व्हायचा होता. निवृत्तीनंतरही त्या दरवर्षी एवढा एक तास घ्यायला येत. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या.

मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारण्याआधी हातात झाडू दिला होता. फळ्यावर हे कापड टांगलेलं होतं. त्यांच्याच जुन्या इरकलीचं, आडव्या निऱ्या शिवलेलं. मॅडमच्या हातात चुरमुऱ्यांच्या कागदी पुड्या. "मी नसेचं टोक. कापड म्हणजे स्नायू. चिकटून हाय का आम्ही? न्हाय. मधी फट हाय. मग निरोप जायचा कसा?" असं म्हणून त्यांनी एक पुडी फोडली आणि चुरमुरे कापडावर भिरकावले. जेवढे निऱ्यांत अडकले तेवढा निरोप पोचला. अडकलेले आणि खाली सांडलेले सगळे लगेच झाडायचे, ते काम माझं.

"हात चालवा, पावणं! झाडलं न्हाय तर स्नायू आखडूनच बसंल."

वर्ग हसत होता. मी पदर खोचून झाडत होते.

मग त्या मागे सरकल्या आणि पुन्हा फेकलं. निम्मे चुरमुरे वाटेतच पडले. "बघा, फट रुंदावली, निरोप पातळ झाला." निऱ्या कशाला, हेही त्यांनी स्वतःच्या साडीकडे बोट दाखवून सांगितलं. "एवढं लांब कापड कुठं मावतं? निऱ्यांत. स्नायूबी तेच करतो. जागा तेवढीच, पण कापड जास्त. निरीच्या काठाकाठानं निरोप घेणारे रेणू बसल्यात." परीक्षेत यावर फार तर एखादा प्रश्न येई, तरी मॅडम यात अख्खा आठवडा घालवत. मी हटकलं तर म्हणाल्या, "आकार कळला की काम कळतं. मग पाठ काय करायचंय?"

त्या कुरुंदवाडच्या जैन शेतकरी घरातल्या. सूर्यास्तानंतर पाण्याखेरीज काही घेत नसत, आणि त्यांचा आवाज वरच्या मजल्यावरून सायकल स्टँडपर्यंत पोचे. तोच आवाज एका वर्षी दुपारपर्यंत गेंगाणा व्हायला लागला. डावी पापणी मिटू लागली. मॅडम डुलक्या घेतात, असं मुलं म्हणाली. डब्यातली भाकरी चावताना त्या मध्येच हाताने जबडा धरून थांबायच्या. स्टाफरूमने थायरॉइडपासून नजर लागण्यापर्यंत सगळी निदानं करून टाकली.

तपासण्या झाल्यावर त्या दवाखान्यातून थेट प्रयोगशाळेत आल्या. "निऱ्या मोडल्या माझ्या," सायकल पंक्चर झाल्याचं सांगावं तसं म्हणाल्या. "पुड्या भरपूर हायत. फेकतोय की मी. पण पलीकडं घेणारेच कमी झाल्यात. माझंच रक्त त्यांच्यावर उठलंय. कापड सपाट व्हायलंय."

"मग औषध?"

"गोळी हाय. ती झाडूवालीला थांबवती. चुरमुरे जरा जास्त वेळ टिकत्यात, उरल्यासुरल्या निऱ्यांना गावत्यात." माझ्याकडे बघून हसल्या, निम्म्याच चेहऱ्याने. "म्हणजे तुलाच. लई झाडलंस, बस आता."

प्राचार्यांनी भल्यासाठीच त्यांना ऑफिसचं काम देऊ केलं. मॅडम म्हणाल्या, "फायलीला काय शिकवू मी?" मग त्यांनी तासच बदलला. गोळी घ्यायच्या, ती लागू होईपर्यंत थांबायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. आवाज बसू लागला की खुर्चीत बसायच्या आणि एखादीला पुढे काढायच्या, "चल, इथनं पुढं तू." मुलगी चुकली तर नुसता हात वर करायच्या. चूक कुठे झाली ते वर्गाने शोधायचं. "सारखं फेकत बसलं की पुढचं पुढचं कमी पोचतं," त्या मला म्हणाल्या. "थांबून फेकायचं. तेवढ्यात पोरंबी बोलाय लागत्यात." खरंच लागली. गप्प बसलेल्या मगदूम मॅडमच्या वर्गात जेवढे प्रश्न विचारले गेले, तेवढे त्यांच्या खणखणीत आवाजाच्या काळातही मी ऐकले नव्हते. अशा त्या निवृत्तीपर्यंत शिकवत राहिल्या. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ साठला आणि श्वासाचे स्नायू पुरे पडले नाहीत.

हे सगळं मी आज कपाट पुसता पुसता स्नेहलला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"मग मी काय केलं हो हे?"

"आजार केलास."

"आत्ता बसून निऱ्या घालते."

"नको. राहू दे तसंच."

१३ जुलै. सकाळी मी ते सपाट कापड फळ्यावर टांगलं आणि मुलांना पुड्या दिल्या. त्यांनी जीव खाऊन चुरमुरे फेकले. सगळे घरंगळून खाली. का, म्हणून विचारलं. गडमुडशिंगीची एक मुलगी म्हणाली, "अडकायला जागाच न्हाय की, मॅडम."

मी सुईदोरे वाटले. मुलं निऱ्या घालायला बसली, आणि झाडू मी स्नेहलच्या हातात दिला.