बोल्ट

आताशा रॉकेल कुठं दिसत नाही. आज शेजाऱ्यांनी गाडीची साखळी त्यात धुतली, वास खिडकीतून आत आला, आणि मी जुन्या जालन्यातल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पोचले.

तिथं माझ्या नवऱ्यानं विमान बांधायला घेतलं होतं. सांगाडा उभा होता, पंखांचं कापड मी माझ्या मशीनवर शिवलं होतं. राहिलं होतं इंजिन. ते, हे कामाला होते त्या लोखंडाच्या कारखान्यात वितळवायला आलेल्या परदेशी भंगारात सापडलं. रोटरी होतं, म्हणजे पिस्टन नाही, आत त्रिकोणी रोटर फिरतो. "हलकं असतंय, उडायला बराबर," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

त्या दुपारी लांब बोल्ट काढून त्यांनी झाकण उचललं. गंजाचं लाल पाणी माझ्या कणकेच्या परातीत सांडलं. आरशासारख्या असायला हव्या त्या आतल्या भिंतींचे पोपडे सुटले होते, आणि रोटर त्यांना धरून बसला होता. ते त्या पोपड्यांवरून नुसतं बोट फिरवत राहिले.

"दुसरं भेटंल की," मी म्हणाले.

"न्हाई भेटायचं."

मग त्यांनी हाती आलेले भाग रॉकेलनं धुतले, पुसले आणि इंजिन पुन्हा जोडायला घेतलं.

"आता कशाला?"

"असं उघडं कसं टाकावं?"

एकेक बोल्ट त्यांनी जपून आवळला, जणू उद्याच उडायचंय. मला मनातून बरंच वाटलं होतं, की माणूस आता जमिनीवर, घरात राहील.

तेव्हापासून घरातच आहेत ते. सगळे बोल्ट आवळून.