जागृतीबेनच्या क्लासची तिसरी लाइन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आमच्या डिंडोलीत, या गुजराती-मराठी कापडकामगारांच्या वस्तीत, घराघरात पलंगाखाली धाग्यांचे पुंजके साचतात, तसे ते साचतात. काही शोधायला खाली वाकावं तर मूठभर हाताला लागतात. माझ्याकडे साचलेले सगळे किस्से एका डान्स फिटनेस क्लासमधले आहेत. मी बहात्तर वर्षांचा, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. कापडाच्या रंगांवर डॉक्टरेट केलेली. तेव्हा हे सांगायला मी योग्य माणूस आहे का, याची मलाच शंका आहे. त्यातले काही तर मी पाहिलेलेही नाहीत, नंतर ऐकले. तरी सांगतो.

*

माझी पत्नी सुमन तीन वर्षं या क्लासला जात होती. आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये पत्र्याची शेड आहे, तिथे सकाळी सहाला क्लास. ती पावणेसहाला निघायची, सातला परत यायची, चहा टाकायची. मी पेपर वाचत असायचो. "झाला क्लास?" "झाला." तीन वर्षांत आमचं या विषयावर झालेलं बोलणं एवढंच.

या फाल्गुनात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेलं, आणि दोन दिवसांत संपलं.

तिच्या कपाटात दांडियाची एक जोडी सापडली. त्यावर क्लासचं नाव होतं. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की मला चैन पडत नाही, म्हणून महिन्याभराने एका सकाळी ती परत द्यायला गेलो. गाणं चालू होतं. चार लाइनींत वीसेक बायका नाचत होत्या. तिसऱ्या लाइनीत खांबाजवळ एका माणसाएवढी जागा मोकळी होती.

शिकवणारी जागृतीबेन म्हणजे पस्तिशीची, बुटकी, खणखणीत आवाजाची बाई. तिने गाणं थांबवलं, माझ्या हातातल्या दांडिया पाहिल्या, पण घेतल्या नाहीत. म्हणाली, "सर, तिथे उभे राहा."

मी म्हणालो, मला नाचता येत नाही. माझ्या पायात चामड्याच्या चपला आहेत. शिवाय मी पुरुष आहे.

"ते दिसतंय मला," ती म्हणाली. "पण मी समोर उभी असते सर. ती रिकामी जागा मला रोज दिसते. जरा उभे राहा ना."

मी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. खरं कारण सांगायचं तर मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. सुमन इथे खूश असायची का? हसायची का? घरी ती फारशी हसत नसे, आणि त्याला मी किती जबाबदार, हा हिशेब मला सुटत नव्हता. हे वीस बायकांना विचारायचं कसं, ते कुठल्या पदवीत शिकवत नाहीत.

*

जागृतीबेनचे वडील धुळ्याकडून आलेले, जन्मभर लूमवर काम केलेले. ती स्वतः लग्नाआधी साड्यांच्या पॅकिंगला जायची. फिटनेसचं ट्रेनिंग घेऊन आली तेव्हा सगळ्या स्टेप्सची नावं इंग्रजी होती. पहिल्या आठवड्यात ती एकीच्याही लक्षात राहिनात. आठव्या दिवशी तिने नावं बदलून टाकली. गुडघे वाकवून उठायचं ते "ताका उचल". ताका म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा. तो कसा उचलायचा हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. हात वर नेऊन ताणायचे ते "साडी वाळत घाल". आडवं आडवं सरकायचं ते "बॉबिन भर". क्लासला येणाऱ्या बायका दिवसभर हेच करून दमलेल्या असतात. पण सहा वाजता गाण्यावर तेच करताना त्यांच्या चेहऱ्यावर वेगळं काहीतरी असतं. मला ते शब्दांत मांडता येत नाही.

मी मात्र घाबरलो होतो. चुकीचं काही करायची मला लहानपणापासून भीती. म्हणून घरी येऊन एका वहीत सगळ्या स्टेप्स नावांसकट लिहिल्या, पायांच्या आकृत्या काढल्या, बाण दाखवले. तीन दिवस बेडरूममध्ये सराव केला. चौथ्या दिवशी "बॉबिन भर" म्हटल्यावर सगळा क्लास डावीकडे गेला आणि मी आत्मविश्वासाने उजवीकडे. जागृतीबेन आमच्याकडे तोंड करून उभी असते, तिचा उजवा तो आमचा डावा, हे आकृत्या काढताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं! शेजारची मंगला माझ्या धडकेने खांबावर जाऊन टेकली.

जागृतीबेनने विचारलं, मी वहीची गोष्ट कबूल केली.

"बरं," ती शांतपणे म्हणाली. "उद्यापासून वही घरी ठेवा आणि पाय इकडे आणा."

*

पण त्या क्लासचा खरा नियम मला त्याच दिवशी कळला. तिथे चूक दुरुस्त करत नाहीत. कुणी चुकलं की सगळ्यांनी तसंच चुकायचं, आणि ती चूक गमतीची असेल तर तिची स्टेप होते, चुकणाऱ्याच्या नावाने.

ही मंगला बाजारात साड्यांच्या घड्या घालते. एकदा ऐन गाण्यात तिच्या केसांची क्लिप पडली, ती वाकून शोधायला लागली. जागृतीबेन समोरून तशीच वाकली. मग सगळा क्लास वाकून जमिनीवर नसलेली क्लिप शोधू लागला. तेव्हापासून "मंगलाची क्लिप" ही कमरेच्या व्यायामाची स्टेप आहे. कोकिळाबेनचा खांदा आखडलेला आहे. तिचा हात कानापर्यंतच जातो, म्हणून तिने वैतागून एकदा कानच खाजवला. ती "कोकिळाबेनचा कान".

त्या दिवशी वीस बायका माझ्यासाठी उजवीकडे गेल्या आणि खांबावर टेकल्या. मी चौतीस वर्षं लाल पेनने चुकांखाली रेघा मारल्या.

*

हा किस्सा मंगलाने सांगितला. सुमन क्लासला आली कशी, त्याचा.

दूध घेऊन परत जाताना ती शेडबाहेर थांबून बघायची. तीन दिवस असं झालं. बोलावलं तर पळून जाईल, हे जागृतीबेनने ओळखलं होतं. चौथ्या दिवशी तिने सुमनकडे पाहिलंही नाही. फक्त स्पीकर उचलला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. सगळ्या लाइनी तिच्याकडे वळल्या, नवीन जागा शोधत मागे सरकल्या आणि कडेला उभी असलेली सुमन आपोआप लाइनीच्या आत आली. बाहेर पडायला वाट नव्हती. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या. ती पिशव्यांसकट नाचली. अख्खं गाणं!

तो दिवस मला आठवतो. त्या दिवशी पातेल्यात ओतलेल्या दुधाला विचित्र फेस होता. मी सुमनला समोर बसवून दुधातल्या भेसळीवर पाऊण तास व्याख्यान दिलं. साबणाची भुकटी कशी मिसळतात, तपासायचं कसं. दूधवाल्याला देण्यासाठी कडक शब्दांत पत्रही लिहिलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. पत्र घडी घालून पदरात ठेवलं. म्हणाली, "देते मी त्याला."

*

आमच्या सोसायटीत कुणी गेलं की तेरा दिवस गाणं वाजत नाही. सुमन गेली तेव्हाही स्पीकर बंद झाला. मी समजत होतो की क्लासही बंद असेल.

त्या दिवसांत मी पहाटेच उठून बसायचो. सहा वाजले की प्लॉटमधून रोज एक आवाज यायचा. घसर-घसर, थांबून पुन्हा घसर-घसर. मला वाटायचं कुणीतरी शेड झाडतंय, आणि मला राग यायचा. माणूस गेलेल्या घरासमोर इतका वेळ काय झाडायचं? तेरा दिवसांसाठी आलेल्या मुलाला म्हणालोही, सेक्रेटरीला सांग म्हणून.

पुढे कोकिळाबेनकडून कळलं. गाणं बंद होतं, क्लास बंद नव्हता. जागृतीबेन ओठ हलवून स्टेप सांगायची आणि वीस बायका आवाज न करता, अनवाणी नाचायच्या. तेराही दिवस.

मला ते झाडणं वाटलं होतं, हे मी कोकिळाबेनला सांगितलं नाही.

*

माझा प्रश्न मात्र तसाच होता. आडून आडून विचारून पाहिलं. "मासी बहु सारा हता," कोकिळाबेन म्हणायची, मावशी फार चांगल्या होत्या. मंगला म्हणायची, "मासीसारख्या मासीच." एवढ्यावर माझ्यासारख्याचं समाधान होत नाही.

त्यातच एक गोष्ट लक्षात आली. एक जुनं गाणं रोज लागायचं. त्यातलं दुसरं कडवं संपलं की पुढच्या दोन लाइनींतल्या बायका दोन पावलं पुढे जायच्या आणि एकदम थबकायच्या. कुणीतरी हळूच माझ्याकडे बघायचं. मग जागृतीबेन घाईने ओरडायची, "ताका उचल, ताका उचल!"

एकदा झालं, दोनदा झालं. पंधरा दिवस रोज झालं. तिथे पूर्वी दुसरं काहीतरी होतं आणि ते माझ्यामुळे गाळलं जात होतं. मी काळजी करायला लागलो, आणि ते काम मला चांगलं जमतं. सुमन त्या जागी रडत असेल. माझ्याबद्दल काही बोलली असेल. चाळीस वर्षांचं साचलेलं इथे येऊन सांगत असेल आणि या बायका आता सभ्यपणाने झाकत असतील. आठ दिवसांनी मी ठरवलं की जाणं बंद करायचं. दांडिया ठेवून यायच्या.

*

शेवटच्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधीच गेलो. दांडिया स्पीकरवर ठेवल्या.

"काय व्हयनं सर?" जागृतीबेनने विचारलं. ती गडबडली की घरची अहिराणी बोलते.

मी म्हणालो, "दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही काय करायचात?"

मंगला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी म्हणालो, सुमन माझ्याबद्दल काही म्हणाली असेल तर मला कळू द्या. आता तिला विचारता येत नाही.

"बतावी दे ने, बेन," कोकिळाबेन म्हणाली. दाखवून टाक.

जागृतीबेनने गाणं लावलं. दुसरं कडवं संपलं. पुढच्या दोन लाइनी दोन पावलं पुढे गेल्या, थांबल्या, छातीवरचा खिसा चाचपला. मग गर्रकन मागे वळून हवेतलं एक कुलूप तीनदा ओढून पाहिलं. चष्मा वर सरकवला. दोन पावलं पुढे. पुन्हा शंका. पुन्हा मागे, पुन्हा कुलूप, या वेळी कान लावून. दहा बायका एकाच वेळी, तंतोतंत. घरातून निघताना मी हेच करतो. चाळीस वर्षं केलं आहे. लग्नाला निघालो की, दवाखान्यात निघालो की.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"सरांचं कुलूप," जागृतीबेन म्हणाली. तिने गाणं थांबवलं होतं. "मासी एकदा चुकून दोन पावलं मागे गेल्या. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, आमच्या घरी असंच निघतात. मग त्यांनी करून दाखवलं."

"ती हसायची?"

"हसायच्या?" मंगला म्हणाली. "सर, या स्टेपला मासी हसायला लागल्या की आम्हालाही हसून दम लागायचा. सगळ्या पाणी प्यायला बसायचो. रोज."

मी म्हणालो, पुन्हा लावा.

मी माझ्या जागेवर गेलो. हयातीत पहिल्यांदा मला एखादी स्टेप शिकायची गरज नव्हती. दुसरं कडवं संपलं, मी दोन पावलं पुढे गेलो, खिसा चाचपला, मागे वळून कुलूप ओढलं. एकदा, दोनदा.

जागृतीबेनने आवाज कमी केला.

"सर, तुमचं चुकतंय."

"माझं?"

"पहिल्या दोन लाइनी कुलूप ओढतात. तिसरी लाइन ओढत नाही. ती मासींची लाइन आहे. तिसऱ्या लाइनीने नुसतं जिन्यात थांबायचं असतं, कमरेवर हात ठेवून."

"किती वेळ?"

"कुलूपवाले येईपर्यंत," ती म्हणाली, आणि तिने गाणं सुरुवातीपासून लावलं.