बाईंचे विसरभोळे संगणक

आमच्या वाचनालयातली दुपार म्हणजे जागेपणी पडलेलं स्वप्न. उंच खिडक्यांतून ऊन यायचं, टेबलांवरून सावकाश सरकत जायचं, पंखा आपल्याच नादात फिरायचा. समोरचा वाचतोय की डुलक्या काढतोय, हे त्याचं त्यालाही कळत नसे. मी देवघेवीच्या खिडकीत बसून शिक्के मारायचो. आणि पलीकडच्या काचेच्या खोलीत, सहा संगणकांच्या राज्यात, आमच्या ग्रंथपाल बाई.

बाई अंगाने काडी आणि आवाजाने त्याहून बारीक. पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायच्या नाहीत. आणि मनात घेतलेलं एकच होतं: माणूस काय वाचतो, काय शोधतो, ते त्याचं तो जाणे. पुस्तक परत आलं की वाचकाच्या नावापुढची नोंद त्याच क्षणी पुसली जायची. आपली मुलगी काय वाचते ते विचारायला एकदा एक वडील आले होते. बाईंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, पुस्तकाचं नाव काही दिलं नाही.

सहाही संगणकांवर बाईंनी स्वतः बसून मुक्त सॉफ्टवेअर घातलं होतं. त्याची आतली रचना कुणालाही उघडून वाचता येते, असं त्या सांगायच्या. मी आपला म्हणालो, "बाई, जे सगळ्यांना उघडं, ते सुरक्षित कसं?"

"शिक्केराव," बाई म्हणाल्या (मला त्या शिक्केरावच म्हणत), "ज्या डब्याचं झाकणच उघडत नाही, त्यात काय भरलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक. हा डबा उघडून बघता येतो. मी बघितलाय, माझ्यापेक्षा हुशार हजारोंनी बघितलाय."

काम आटोपून 'बाहेर पडा'वर टिचकी मारली की संगणक सगळं विसरायचा. डिस्कवर एक अक्षर उरत नसे. कॅमेऱ्यांवर पुस्तकांच्या जुन्या लेबलांचे तुकडे चिकटवलेले. माझा पासवर्ड म्हणजे माझंच टोपणनाव, आणि तेही चिठ्ठीवर लिहून पडद्याला डकवलेलं. ते पाहून बाई म्हणाल्या, "कुलूप लावून किल्ली दारालाच टांगलीत की!" त्या दिवशी त्यांनी मला नवा पासवर्ड म्हणून एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले सहा शब्द पाठ करायला लावले. ते मी अजून झोपेतही म्हणतो, असं घरचे सांगतात.

आणखी एक नियम खास त्यांचा. खोकल्याशिवाय कुणाच्या पाठीमागून जायचं नाही. खोकायचं, पडदा झाकायला वेळ द्यायचा, मग जायचं. दिवसातून वीस वेळा खोकून खोकून माझी अशी ख्याती झाली की एका पेन्शनर वाचकाने मला डॉक्टरचा पत्ता आणून दिला.

चार नंबरवर रोज दुपारी एक काकू यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हे खरंच काही ठेवत नाही?"

"नाही. आणि कुणी बघणारही नाही. माझा शब्द," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला जपून ठेवायचं असेल तर पेनड्राइव्ह..."

"नको, नको. म्हणून तर इथे आले."

दोन बोटांनी टुकटुक करत काकू तासभर लिहायच्या. मग सगळं एकदा वाचायच्या, कधी हसायच्या, कधी डोळे टिपायच्या, आणि टिचकी मारून सारं मिटवून टाकायच्या. अशी तीन वर्षं. इतकं लिहायचं आणि काही ठेवायचं नाही, हे मला तेव्हा वेडेपणाचं वाटायचं. आता वाटत नाही.

एका दुपारी मीच अर्धवट झोपेत होतो. हातात पुस्तकांची चळत, डोळ्यांवर पेंग, आणि खोकायचं राहिलं. काकूंच्या खांद्यावरून एक ओळ दिसली. एकच. लाजेने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, पण ती ओळ मी कुणाला सांगितली नाही. बाईंनाही नाही.

मग काकू यायच्या थांबल्या. दोन महिन्यांनी एक वृद्ध गृहस्थ आले. शर्टाला कडक इस्त्री, पण गुंड्या एक घर चुकून लावलेल्या.

"चार नंबरवर बसायची ती माझी बायको. गेली," ते म्हणाले. "तिची बहीण सांगते, ती इथे रोज लिहायची. मला ते वाचायचंय. एक पान तरी."

बाईंनी त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं.

"भाचा म्हणतो, पुसलेलंही परत काढता येतं."

"आधी उमटलेलं असेल तर, काका. इथे ते डिस्कवर कधी उमटलंच नाही."

काका चार नंबरच्या खुर्चीत बसले. कळांवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मला बाईंचा असा राग आला म्हणून सांगू! जाळायचीत काय ती तत्त्वं? समोर माणूस एका पानासाठी तळमळतोय! जिभेला हाड नसतंच, माझ्या तर मुळीच नाही.

"काका, मी एक ओळ वाचलीय."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. काकांनी मान वर केली. "तिने दाखवली?"

"नाही. माझीच नजर गेली."

मग बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "मी त्यांना शब्द दिला होता, काका. तो आमच्याकडून मोडला. त्यांची माफी मागायची राहिली, ती तुमच्याजवळ मागते."

"माझ्याजवळ?" काका कसनुसे हसले. "तिच्या नावाचं एकही पत्र मी आधी फोडल्याशिवाय तिच्या हाती पडू दिलं नाही, बाई. पुढे फोन आला, तोही आधी मी बघायचो. चाळीस वर्षं. तिने मला माफ केलं होतं का, तेवढंच शोधायला आलो होतो."

त्या ओळीत त्याचं उत्तर होतं. मी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी मला अडवलं नाही.

काकांनीच हात वर केला.

"नको," ते म्हणाले. "तिचं एवढं एक तरी मी न फोडलेलं राहू दे."