घाटाला न लागणारी होडी

शहराबाहेरच्या न्यू टाउन या उपनगरातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही होडीचा व्हिडिओ गेम बनवला होता. नदीच्या मुखाकडच्या बजबज बंदरातून निघायचं, भरती-ओहोटी सांभाळत नदीतून वर यायचं आणि शेवटच्या घाटाला लागायचं. चोरट्या प्रतींचा बंदोबस्त माझ्याकडे होता. प्रत चोरीची असली तरी गेम बंद पडायचा नाही. फक्त तो शेवटचा घाट यायचाच नाही. नदी आपली पुढे पुढे सरकत राहायची. युक्ती माझीच. "घाट सापडत नाही" अशी कुणाची तक्रार आली की ऑफिसात गलका व्हायचा, "लागला आणखी एक गळाला!" सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो.

बाबा बँकेतून निवृत्त होऊन याच शहरात राहिले होते. अलीकडे त्यांना माणसांची नावं चटकन आठवत नसत आणि त्याची त्यांनी फार धास्ती घेतली होती. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो, तर ते कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर आमची होडी.

"हा कुठून आणलात?"

"कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून. रीतसर विकत घेतला! तुझ्याकडे फुकट मागायचा, मग तुमच्या कंपनीनं खायचं काय?" मग त्यांचा आवाज उतरला. "पण घाट काही सापडत नाही रे. रोज बसतो. वाटेतलं काहीतरी मीच विसरत असणार."

दुकानदारानं त्यांना चोरीची प्रत विकली होती. 'बाबा, चूक तुमची नाही,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सचोटीच्या माणसाला चोरीचा माल घेतलात म्हणून कसं सांगायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटं होतं. हा सापळा कुणी लावला, असं त्यांनी विचारलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. बाबा आता नाहीत, म्हणून लिहितो आहे.

"अवघडच आहे तो," मी म्हणालो. "सोडून द्या."

त्यांनी सोडला. मग शब्दकोडं सोडलं. मग एकट्यानं बाहेर जाणं. पुढे मी खरी प्रत घेऊन गेलो, तर तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नको. माझ्या डोक्याचं आता काही खरं नाही." कपाटातून बँकेचं कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "यापुढे व्यवहार तूच बघ."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पिन विचारला.

त्यांनी क्षणभरही न अडखळता सांगितला.