परडीतली चिमूट

त्या हिवाळ्यात मी देवीशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावायचे, हळदकुंकू वाहायचे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. घरात दोघांचं वाजलं की बाई ताट वाढते पण तोंड फिरवून वाढते, तसं माझं चाललं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की आई, तुला म्हणे सगळं दिसतं. मग नुसती बघत काय बसलीस? लहानपणापासून तिच्याशी भांडत आलेली मी. भांडण मिटलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्या वेळी मात्र मिटेल असं वाटत नव्हतं.

मी मूळची तुळजापूरकडची. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे चाकणला आले. तो गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होता. पुढे तो सारखा आजारी पडू लागला, आणि तपासण्या करता करता त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. पाठोपाठ माझाही रिपोर्ट तसाच आला. मुलीचा मात्र चांगला आला. त्या रिपोर्टच्या कागदाला मी देव्हाऱ्यापुढे ठेवून नमस्कार केला होता, हे आठवलं की अजून हसू येतं. नवऱ्याच्या बाबतीत फार उशीर झाला होता; तो गेला. मी औषधं सुरू केली, ती नेमाने घेते, आणि पॅकिंगच्या कामाला उभी राहते ती कुणाहून कमी राहत नाही. पिंपरीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी मला पुन्हा पुन्हा समजावलं होतं की हात लावल्यानं, एका नळाचं पाणी प्यायल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही. मला पटलं होतं. अडचण अशी की ताई मला समजावत होत्या आणि मला राहायचं होतं दुसऱ्यांमध्ये.

आमच्या घरमालकिणीनं मला एकदा त्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत पाहिलं.  तेव्हापासून मी पाणी भरून गेले की चाळीतल्या बाया नळ घासू लागल्या. मग एक दिवस मालक दारात आले. माणूस वाईट नव्हता, माझ्याकडे बघायचंही त्यांना जड जात होतं. म्हणाले, "ताई, लेकराबाळांची माणसं राहत्यात हितं. मला सगळ्यांचं बघावं लागतंय. रविवारपर्यंत दुसरीकडं बघा." मी भांडले नाही, नुसती मान हलवली. आत मुलगी अभ्यास करत बसली होती. तिचं दहावीचं वर्ष होतं, आणि खोली नाही मिळाली तर तिला गावी माझ्या भावाकडे पाठवणं एवढाच रस्ता उरत होता. भावाला मी फोन केला तर तो लगेच म्हणाला, रविवारी येतो न्यायला. त्याच्या आवाजात माया होती, खोटं का बोलू? पण त्यानं हेही सांगितलं की शाळा लांब आहे, पोरीची जात, घरीच बसेल, आणि एक चांगलं स्थळ डोक्यात आहे. 

ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं काढणं कायद्याला धरून नाही, आपण तक्रार करू. मी म्हटलं, ताई, तक्रारीत मी जिंकेन हो, पण पाणी त्याच नळावर भरायचं. मग त्यांनी दुसरी वाट सांगितली. आमच्यासारख्यांसाठी काम करणारी एक संस्था आहे, ती अशा वेळी खोलीचं डिपॉझिट भरते, सुरुवातीचं भाडंही देते. "पैशाची काळजी आमच्यावर सोडा," त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त खोली बघा." फक्त! कामावर जाण्याआधी आणि सुटल्यावर मी दारोदार फिरले. कुणी म्हणे, एकट्या बाईला देत नाही. कुणी म्हणे, आम्ही कंपनीची पोरंच ठेवतो, ती एका खोलीत दाटीवाटीनं राहतात, भाडं बरं सुटतं. एकीनं खोली दाखवलीसुद्धा, पण आधी कुठं राहत होता, तिथून का निघालात, असं विचारलं आणि मी तशीच पायरी उतरले.

आता परडीचं सांगते. आमच्या सासरी आई भवानीची परडी आहे. वेताची गोल टोपली, तिच्यात हळदकुंकू आणि कवड्यांची माळ. मंगळवारी ती घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. घरातली बाई पीठमीठ घालते, आणि आमच्याकडची रीत अशी की परडीतलं चिमूटभर पीठ आपण तिच्या तळहातावर परत ठेवायचं. तिनं ते तिथंच तोंडात टाकायचं. तो देवीचा प्रसाद. सासूबाईंनी जाताना ही परडी माझ्या हाती दिली होती. पण माझा रिपोर्ट आल्यापासून मी जोगवा मागणं बंद केलं होतं. काही होत नाही हे ठाऊक होतं. तरी माझ्या बोटांची चिमूट कुणी विश्वासानं जिभेवर ठेवेल आणि पुढे त्या बाईला कळेल, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय येईल, ते मला आधीच दिसायचं. परडी खुंटीला टांगली ती टांगलीच.

त्या मंगळवारी मला कामावर दुसरी, दुपारची पाळी होती. सकाळी सामान बांधायला घेतलं. अंगात थोडी कणकण होती, आदल्या दिवशी गार वाऱ्यात फिरून फिरून आलेली. खुंटीवरून परडी काढली आणि सासूबाईंचं बोलणं आठवलं, की घर बदलताना परडी रिकामी न्यायची नाही. जोगवा मागून, भरून मगच उंबरा ओलांडायचा. मला इतका राग आला म्हणून सांगू! कित्येक दिवसांनी मी तिच्याशी बोलले ते असं: मला कुठं जायचंय तेच ठाऊक नाही, आणि तुझी टोपली मात्र भरलेली पाहिजे होय गं? तरीही न्हाले, धुतलेलं जांभळं लुगडं नेसले, कवड्यांची माळ घातली. राग असला म्हणून रीत मोडवत नाही, असा माझा स्वभाव.

बाहेर धुकं होतं. चाकणला पौषात माळावर असं धुकं उतरतं की कंपनीच्या बसचे दिवेच तेवढे पिवळे पिवळे सरकताना दिसतात, बस दिसतच नाही. आमच्या चाळीच्या आसपास मागायची सोय नव्हती, म्हणून मी मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या जुन्या गावठाणाकडे वळले. तिकडे मी कधी गेले नव्हते. तापामुळे असेल, पायांखाली जमीन मऊ लागत होती आणि सगळे आवाज लांबून, पाण्याखालून यावेत तसे येत होते. तेवढ्यात पुढे एक बाई चालताना दिसली. हिरवं लुगडं, कमरेवर परडी. मला बरं वाटलं, म्हटलं चला, आपल्याकडचीच कुणी देवीची आराधीण दिसते, हिला विचारू इथं कुठली घरं जोगवा वाढतात. मी पाऊल उचललं, पण तिच्यातलं आणि माझ्यातलं अंतर काही कमी होईना. ती घाईत नव्हती. कधी धुक्यात पुसली जायची, कधी हिरवा पदर पुन्हा दिसायचा. एका बोळात ती वळली, मीही वळले. कौलारू घर होतं, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, दार उघडं. ती दारापुढे क्षणभर उभी राहिल्यासारखी वाटली. मी पोचले तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं.

मी हाक घालायला गेले. तोच आतून एक म्हातारी सुपात पीठ घेऊन बाहेर आली. डोळ्यांवर जाड काच, पाठीत थोडी वाकलेली. मला बघून म्हणाली, "अगं बया, हायेस व्हय? मला वाटलं गेलीस. पीठ आणाया आत गेले न् मागं बघती तर दारात कुणी न्हाई."

"आजी, मी आत्ताच आले," मी म्हटलं.

"आसंल, आसंल. आन् ते मागल्या खोलीचं म्हणलीस न्हवं, लेकीला घेऊन ऱ्हायाला? रिकामीच हाय. सून म्हणती कंपनीच्या पोरांना देऊ. मी म्हणलं, परडीवालीनं तोंडानं मागितली, आता ती तिची. आमी काय देवीला न्हाई म्हणायचं?"

मी खोलीचं नाव काढलं नव्हतं. लेकीचंही नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं?" असं विचारलं तर आजी माझ्याकडे, वेडी का काय ही, अशा नजरेनं बघून म्हणाली, "तूच की."

खरं सांगते, त्या घडीला मनात आलं, गप्प बस. आजीची काही चूक झाली असेल, तर होऊ दे. खोली पदरात पडतेय, रविवार तोंडावर आलाय. पण हातात परडी होती. ती हातात असताना खोटं बोलवेना, आणि गप्प राहणंही खोट्यातच जमा झालं असतं. मी म्हटलं, "आजी, आधी ऐका. मला एचआयव्ही आहे. एड्सचा रोग म्हणतात ना, त्यातला. औषधं चालू आहेत, कुणाला बाधत नाही. पण माझ्या घरमालकांनी याचसाठी मला खोलीतून काढलंय. तुम्ही नाही म्हणालात तरी मला राग नाही." एवढं बोलून झाल्यावर अचानक सगळं शांत झालं. आतमध्ये काही उरलंच नाही, ना आशा, ना भीती. नवरा गेल्यापासून इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

 आजीनं सूप ओट्यावर ठेवलं आणि ती आत निघून गेली. मी थोडा वेळ थांबले, मग समजले काय ते. परडी सावरली आणि वळले.

"कुठं निघालीस?" मागून आवाज आला. "मीठ आणाया गेलते. नुसतं पीठ घालत्यात व्हय कुणी?"

तिनं पीठ घातलं, त्यावर मीठ घातलं आणि उजवा हात पुढे धरून उभी राहिली. मला कळेना. "माझं दे की," ती म्हणाली.

"आजी, माझ्या हातचं..."

"मग काय मी माझ्याच हातानं घिऊ? रीत हाय का ती?"

मी चिमूट उचलली. निम्मं पीठ अंगणातच सांडलं. उरलेलं तिच्या सुरकुतल्या तळहातावर ठेवलं. तिनं डोळे मिटून ते जिभेवर टाकलं, हात कपाळाला लावला आणि म्हणाली, "सामान कवा आणतीस?" मी ओट्यावर बसले. धुक्यातून ऊन उतरू लागलं होतं आणि अंगण हळदीसारखं पिवळं दिसत होतं. तिथं बसल्या बसल्या मी देवीला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. भांडण मिटलं, एवढं सांगते. उरलेली घरं मी कशी केली आणि कामावर कधी पोचले, हे आता नीटसं आठवत नाही.

पुढचं काही सगळं गोड झालं नाही. आजीचा मुलगा कपाळाला हात लावून बसला. ताई मुद्दाम पिंपरीहून आल्या, त्याच्याशी शांतपणे बोलल्या, संस्थेकडून डिपॉझिट आणि भाडं देऊन गेल्या. तो म्हणाला, "आईनं परडीपुढं शब्द दिलाय, आता मी काय बोलणार राव!" सुनेनं तर कितीतरी दिवस आमच्या बाजूला पाऊल टाकलं नाही. मग एकदा तिच्या लेकीला गणित अडलं, माझ्या मुलीनं ते सोडवून दिलं, आणि सून वाटीभर कालवण घेऊन आली. घाई कुणालाच करता येत नाही, तिलाही लागला तेवढा वेळ लागला.

त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईची मी गावठाणात चौकशी केली. तिथं परडी असलेलं कुणीच नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मी त्यावर वाद घालत नाही. मला ताप होता, धुकं होतं, आजीची नजरही अधू. ज्याला जे वाटेल ते त्यानं मानावं. मला इतकंच कळलं की मी देवीकडे मनातल्या मनात डोकं आपटून मागत होते तोवर माझी मूठ आवळलेली होती. सगळं सांगून टाकलं, आता जे व्हायचं ते होवो म्हणून हात सैल सोडले, तेव्हा कुठं त्यात काही ठेवायला तिला जागा झाली. हे मला रोज जमतं असं नाही. पुष्कळदा मूठ पुन्हा आवळली जाते. मग मी तिलाच म्हणते, बाई, तूच सोडव.

त्याच रविवारी भाऊ आला, तोवर आम्ही आजीच्या मागल्या खोलीत राहायला आलो होतो. मी त्याला फोन करून सांगितलं होतं, तरी आला. म्हणाला, डोळ्यांनी बघून जातो. आजीनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. "पाव्हणं, भाच्चीला न्यायला आलाय व्हय?" ती म्हणाली. "परीक्षा झाल्यावर न्या, सुट्टीला. आत्ता तिला लई अभ्यास हाय." भावानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या खोलीकडे. चहा संपवून तो उठला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकटाच गेला. तो बोळाच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मुलगी दारात उभी राहिली. इतके दिवस आपलं काय होणार हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं, आणि मला वाटत होतं तिला फारसं कळलेलं नाही. ती माझ्या पदराला धरून अगदी हळू म्हणाली, "आई, मग मी उद्या शाळेत जाऊ ना?"

मी हो म्हणाले. तेवढं एक हो मला म्हणता यावं, यासाठीच तर सगळं मागणं होतं.