कुठे पोहोचलात?

कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरभाऊंना मोबाईलवर मेसेज लिहायला मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात चूक एकट्या त्यांची धरली गेली आणि मी ती धरू दिली.

सिल्वासाला येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. माहेर आणि सासर दोन्ही साक्री तालुक्यातलं. नवरा प्लास्टिकच्या कारखान्यात, आणि मी अथालच्या पुढे एका सुताच्या कंपनीत टाइम ऑफिसला. कामगारांची हजेरी, रजा, गेटपास आणि सकाळच्या पाळीची बस, एवढं माझ्याकडे होतं. बस शहरातल्या चाळींपासून निघायची, वाटेत थांबत थांबत दमणगंगेचा पूल ओलांडायची आणि आठच्या आत गेटवर यायची. उशीर झाला की रात्रपाळीच्या लोकांना मशीनवर थांबवून घ्यावं लागे. म्हणून साडेसातपासून मॅनेजरसाहेब काचेच्या केबिनमधून डोकं बाहेर काढून मला गुजरातीत विचारत, "बस क्यां पहोंची?" मला उत्तर माहीत नसायचं, आणि माहीत नाही म्हणायची मला लाज वाटायची.

ड्रायव्हरभाऊ नंदुरबारकडचे, पन्नाशीतले. गाडीत बसण्याआधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करायचे. त्यांना फोन केला तर ते उचलायचेच नाहीत, गाडी बाजूला घेऊन मग करायचे. त्यात पाच-सात मिनिटं जायची. एकदा मी त्यांना म्हटलं, "भाऊ, बोलू नका, पण एक शब्द पाठवत जा ना. पूल आला की पूल, अथाल आलं की अथाल."

"माले हाई जमत नही, बहीण," ते म्हणाले. "दोन्ही हात गाडीला लागतात."

मी त्यांना माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. त्यांच्या फोनमध्ये मराठी अक्षरं घातली. चुकीचं दाबलं की ते दचकून बोट मागे घ्यायचे, म्हणून स्क्रीनचं लॉक काढून टाकलं, अक्षरं मोठी केली. "एका अंगठ्याचं काम आहे," मी म्हटलं. आठवडाभर रोज चहाच्या सुट्टीत शिकवलं. पहिला मेसेज त्यांनी समोर बसूनच मला पाठवला, 'राम राम ताई'. मला इतका आनंद झाला की मी तो नवऱ्याला दाखवला.

त्यानंतर दोनेक महिने सगळं फार छान चाललं. साहेबांनी विचारायच्या आत मी सांगायचे, "पुलावर आहे, सर." ते मान डोलवायचे. मीटिंगमध्ये एकदा म्हणाले, टाइम ऑफिस आता अपडेट असतं. या कौतुकाने मी आणखी पुढे गेले. मेसेज आला नाही की मीच विचारू लागले, 'कुठे?' दोन मिनिटांनी पुन्हा, 'कुठे पोहोचलात?' तो माणूस त्या वेळी चाळीस माणसं घेऊन गाडी चालवतो आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. फक्त टेबलाशी बसून ते दिसत नव्हतं.

अथालच्या थांब्यावरून पॅकिंगमधली एक बाई चढायची. तीही साक्रीकडची, माझ्यापेक्षा मोठी. मी तिला आक्का म्हणायचे. दुपारी आम्ही दोघी एकाच डब्यात जेवायचो. कळण्याची भाकरी ती आणायची, मी वांग्याचं भरीत.

त्या सकाळी साहेबांकडे बाहेरचे लोक यायचे होते. साडेसातला मी विचारलं, 'कुठे?' उत्तर नाही. साहेब केबिनमधून दोनदा डोकावले. मी लिहिलं, 'लवकर सांगा भाऊ, साहेब विचारताहेत.' त्यावर दोन निळ्या खुणा आल्या. त्यांनी वाचलं होतं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. 'टाइप करत आहे' असं वर आलं, आणि ते बराच वेळ तसंच राहिलं.

मग बसमधल्या एका फिटरचा फोन आला. बस अथालच्या थांब्यावर डांबरावरून खाली उतरली होती, एक बाई चाकाखाली आली होती.

मी साहेबांच्या गाडीतून गेले. ती बाई आक्का होती. तिला तोवर रिक्षातून दवाखान्यात नेलं होतं. तिची एक चप्पल तिथेच पडली होती आणि थांब्यावरच्या बायका तिच्याभोवती, जणू तीच आक्का आहे अशा, उभ्या होत्या. बसचं डावं पुढचं चाक तिच्या उजव्या पावलावरून गेलं होतं. ड्रायव्हरभाऊ रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. कुणी त्यांना मारलं नव्हतं, पण कुणी त्यांच्याजवळही जात नव्हतं. ते मला बघून म्हणाले, "ताई, पेपर गाडीत आहेत. साहेबांना देऊन टाका."

पेपर घ्यायला मी केबिनमध्ये चढले. ब्रेकच्या पेडलपाशी त्यांचा फोन पडला होता. मी उचलला तर स्क्रीन उजळली. लॉक मीच काढलेलं होतं. माझे दोन मेसेज आणि खाली न पाठवलेलं अर्धं उत्तर: 'पूल उतर'.

बाहेर पोलिसांची गाडी येत होती. मी ते अर्धं उत्तर पुसलं. मग आमचं सगळं बोलणंच पुसलं, 'राम राम ताई'पासून. फोन पुन्हा होता तिथे ठेवला आणि पेपर घेऊन खाली उतरले. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. घाबरून हातून झालं असंही मी आजवर स्वतःला म्हणू शकलेले नाही, कारण हात अजिबात थरथरत नव्हता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा भाऊंनी काहीच लपवलं नाही. "डुलकी नव्हती, साहेब. मोबाईलमध्ये पाहत होतो."

"कुणाचा फोन होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घरचा मेसेज होता," ते म्हणाले.

मी तीन हातांवर उभी होते. पेपर माझ्या छातीशी धरलेले होते. मी ते नेऊन साहेबांना दिले.

त्यांच्यावर केस झाली, लायसन्स निलंबित झालं, कंपनीने त्यांना काढलं. आक्काच्या पायाची दोन बोटं गेली. पाऊल पूर्ण टेकत नाही. चार महिन्यांनी ती कामावर आली तेव्हा तिला बसून करायचं लेबल तपासायचं काम दिलं. दवाखान्यात मी तिला दर रविवारी भेटायचे, डबा न्यायचे, तिची वेणी घालायचे. "तू आहेस म्हणून निभतंय," ती म्हणायची. ते ऐकून घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही. नवऱ्याला वाटे, दवाखान्याच्या वासाने होतंय.

मग सुरक्षा सप्ताह आला. कंपनीच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या, वाहतुकीचे एक अधिकारी बोलायला बोलावले. त्यांनी हेल्मेटचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, मग मोबाईलचं. मागून एका ऑपरेटरने विचारलं, "साहेब, गाडी चालवताना मेसेज करायला कायद्याने सरळ बंदीच का घालत नाहीत?"

"बंदी आहेच," अधिकारी म्हणाले. "हातात फोन धरून चालवणं हा गुन्हाच आहे. तुमच्याच कंपनीच्या ड्रायव्हरवर तो लागलाय. कायदा कमी नाही, ऐकणारे कमी आहेत."

सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी शपथ होती आणि ती वाचायला टाइम ऑफिसची मॅडम म्हणून मला उभं केलं. मी वाचलं, "मी वाहन चालवताना मोबाईलचा वापर करणार नाही." दोनशे माणसं माझ्यामागून तेच म्हणाली. आक्का पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, कारण तिला खाली बसता येत नव्हतं. तिनेही हात पुढे करून शपथ घेतली. तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. आणि मी, जिला वाहन चालवता येत नाही, ती सगळ्यांकडून ते वदवून घेत होते. त्या कागदावर माझ्यासाठी एकही ओळ नव्हती. चालवणाऱ्याला विचारत राहणारा माणूस त्यात कुठेच नव्हता.

त्या रविवारी मी दादऱ्याला गेले. ड्रायव्हरभाऊ तिथल्या तळ्याच्या बागेत एका ठेकेदाराकडे झाडांना पाणी घालायच्या कामाला लागले आहेत, असं कळलं होतं. ते पाइप धरून उभे होते. मला बघून पाणी बंद केलं आणि विचारलं, "त्या बाईचा पाय कसा आहे?"

मी सांगितलं. मग फोन पुसल्याचंही सांगितलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पोलिसांनी फोन परत दिला तेव्हा पाहिलं. काहीच नव्हतं त्यात."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

"गाडी माझ्या हातात होती ना, ताई. तुम्ही शंभरदा विचारलं असतं तरी मला नाही म्हणता येत होतं. मी सुरुवातीला म्हटलंही होतं. मग तुम्ही 'वा भाऊ, जमलं की' म्हणालात, तर बरं वाटायला लागलं." ते हसले नाहीत. "या वयात काही नवीन आलं म्हणून बरं वाटायचं. त्यात गेला त्या बाईचा पाय."

"मी पोलिसांना सांगणार आहे," मी म्हटलं.

"त्यानं माझं काही सुटणार नाही."

"ठाऊक आहे."

"मग सांगा," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पाणी सुरू केलं. मला वाटलं होतं ते माफ तरी करतील किंवा रागावतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी जाईल." मग म्हणाला, "उद्या मी येतो बरोबर."

चौकीत तपास करणाऱ्या हवालदाराने माझं लिहून आणलेलं दोनदा वाचलं. "मॅडम, मेसेज पाठवणाऱ्यावर आमच्याकडे कलम नाही," ते म्हणाले. "घरबसल्या कुणी काही विचारलं, तर उत्तर कधी द्यायचं ते चालवणाऱ्याने बघायचं. पण हे पुसलंत, ते चांगलं केलं नाहीत." त्यांनी जबाब घेतला, सही घेतली. कोर्टातून बोलावणं येईल, तिथे हेच सांगावं लागेल आणि पुसल्याबद्दल काय करायचं ते वरचे ठरवतील, असं म्हणाले. बाहेर पडताना मला हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.

या कायद्याबद्दल आता मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन की बंदी हवी आणि ती कडक हवी. भाऊंना शिक्षा झाली तर ती चूक आहे असं मी म्हणणार नाही, तेही म्हणणार नाहीत. पण कायदा हात फोनला लागल्यावर येतो. त्याच्या आधी कुणीतरी ऑफिसातून, घरातून, स्वयंपाकघरातून विचारलेलं असतं, आणि विचारणाऱ्याला उत्तराची घाई असते. त्याला कलम लावता येईल का, मला कळत नाही. मला लावलं असतं, तर मी नाही म्हटलं नसतं.

साहेबांना मी सांगितलं, यापुढे बस निघाली की गेटवर येईपर्यंत ड्रायव्हरला कुणीही फोन किंवा मेसेज करायचा नाही, असा नियम लावा. ते म्हणाले, "मग लेट आहे हे कसं कळणार?"

"लेट झाली की कळेल, सर."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पण नोटीस लागली. नोकरी अजून तरी गेलेली नाही.

आक्काला सांगायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. दुपारी, डबा उघडायच्या आधी सांगितलं, म्हणजे तिला माझ्याबरोबर जेवायचं की नाही ते ठरवता यावं. सगळं ऐकून तिने विचारलं, "माझी वेणी घालायला यायचीस तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

तिने भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं, एका हाताने टेबलाचा आधार घेतला आणि पाय ओढत दुसऱ्या बायकांच्या टेबलाशी जाऊन बसली. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. समोरून आली तर मान वळवायची. मी तिला दोष देत नव्हते. उलट तिचं ते मान वळवणं पहिल्यांदाच काहीतरी नीट चाललंय असं वाटायला लावायचं, आणि घरी जाऊन मी रडायचे.

काल ती हजेरीच्या खिडकीपाशी आली. रजेचा अर्ज होता. मी तारीख पाहिली. कोर्टात माझी साक्ष त्याच दिवशी आहे.

"तुला बोलावलंय का, आक्का?" मी विचारलं.

"त्या दिवशी मला नाही बोलावलं," ती म्हणाली. "मी माझी येणार आहे. तू तिथं काय बोलतेस, ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

मी अर्जावर सही केली. ती तो घेऊन निघाली. जिन्यापाशी थांबली, कठड्याला धरून एक-एक पायरी उतरू लागली. मी खिडकीपासून उठून तिच्याजवळ गेले नाही, कारण तिने हाक मारली नव्हती.